नुसती हवा खाल्ली तरी अंगाला लागते?

ताई, नमस्कार.

माझं वय ४३, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. वीस वर्षांपूर्वी ५२ होतं. माझं चयापचय मंद आहे, नुसती हवा खाल्ली तरी माझ्या अंगाला लागते. धाकट्या जाऊबाई माझ्या दुप्पट जेवतात, जेवता जेवता चार वेळा उठतात, परत येऊन पुन्हा वाढून घेतात, आणि त्यांचं वजन ४९ च्या वर जात नाही. गेल्या महिन्यात मी दहा दिवस धान्य आणि साखर पूर्ण बंद केली, दिवसाला हजार कॅलरीच्या आत राहिले. तीन किलो उतरले. मग चार दिवस बहिणीकडे होते, तिथे सगळ्यांसारखं जेवले, तर दोन किलो परत! सगळी मेहनत पाण्यात गेली. सोबत एका नेहमीच्या आठवड्याची डायरी जोडली आहे. त्यात ११०० कॅलरीसुद्धा होत नाहीत, तरी वजन वाढतंच आहे. व्यायामशाळेतल्या यंत्राने माझं ‘चयापचयाचं वय’ ५८ दाखवलं. चयापचय वाढवणारे पदार्थ सांगा. सातनंतर खाल्लेल्या सगळ्याची चरबी होते का? सारखा थकवा असतो म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेतेय, त्याने वजन वाढतं का? आणि चहा सोडू का?

— काट्याला कंटाळलेली

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी रेघ मारून ठेवली आहे. मेहनत ‘पाण्यात गेली’ असं तुम्ही लिहिलंय. अहो, अगदी शब्दशः तसंच झालंय, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. हिशेबच मांडते.

धान्यातला स्टार्च पचला की त्याचं ग्लुकोज होतं. आता रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं किती? सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. जास्तीचं ग्लुकोज यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात ठेवून देतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आगेमागे. हा साठा कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून बसतं. तुम्ही धान्य बंद केलंत, दोन-तीन दिवसांत कोठार बरंचसं उपसलं गेलं आणि ते पाणी लघवीवाटे निघून गेलं. त्यात आतड्यातलं अन्नही कमी झालं. दीड-दोन किलो असे सहज जातात. यात चरबीचा संबंध नाही.

चरबीचं गणित वेगळं. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. (आपण बोलताना ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी : एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता.) तुमचं वय, उंची, वजन सूत्रात घालून पाहिलं तर तुमचा दिवसाचा खर्च १८०० च्या जवळपास येतो. तुम्ही हजारावर होतात, म्हणजे रोज ८०० ची तूट, दहा दिवसांत ८०००. झाली एक किलो चरबी. उरलेले दोन किलो पाणी आणि पोटातला ऐवज. बहिणीकडे परत आले किती? दोनच. कोठार भरलं, पाणी परतलं. चार दिवसांत दोन किलो चरबी चढवायची तर खर्च वगळून वर १५,४०० कॅलरी खाव्या लागल्या असत्या, म्हणजे दिवसाला एकूण साडेपाच हजारांहून जास्त. बहिणीने कितीही आग्रह केला असला तरी हे जमण्यातलं नाही. थोडक्यात, एक किलो चरबी खरोखर गेली होती. तुम्ही तिलाही अपयशाच्या खात्यात टाकून मोकळ्या झालात.

आता तुमची मुख्य तक्रार. चयापचय हा शब्द बघा : चय आणि अपचय. साठणं आणि सरणं, बांधणं आणि मोडणं, दोन्ही एकाच शब्दात आहे. आपण मात्र तो अंगात कुठेतरी बसवलेल्या बर्नरसारखा वापरतो, कुणाचा मोठा, कुणाचा बारीक. ‘जळणं’ हा शब्द पूर्ण चुकीचा आहे असंही नाही. १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं, त्याने श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडला तेही मोजलं आणि जळत्या कोळशाशी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की श्वासोच्छ्वास म्हणजे एक संथ ज्वलनच आहे. जठराग्नी म्हणा हवं तर, पण ही आग जठरात नाही. ती प्रत्येक पेशीत आहे, आणि ज्वाळा न होता अगदी पायरीपायरीने पेटते.

पायरीपायरीने का? कारण ग्लुकोज किंवा चरबी ही मोठी नोट आहे आणि पेशीचा सगळा व्यवहार सुट्ट्या नाण्यांत चालतो. त्या नाण्याचं नाव एटीपी. स्नायू आखडायचा, मीठ पेशीबाहेर ढकलायचं, नवीन प्रथिन विणायचं, प्रत्येक कामाला एटीपी मोजावं लागतं. गंमत म्हणजे अंगात एका वेळी ते शंभर ग्रॅमच्या आतच असतं, पण तेच ते पुन्हा पुन्हा भरून वापरलं जातं. दिवसभरात असं फिरलेलं एटीपी मोजलं तर ते साधारण आपल्या वजनाइतकं भरतं. श्वासातला ऑक्सिजन लागतो तो ही नाणी पाडायला.

तुम्ही हवेचं म्हणालात ना, तर चरबी ‘जळते’ तेव्हा जाते कुठे, हे अनेक डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही. घामातून? शौचावाटे? २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी अणूंचा हिशेब मांडून दाखवला : १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाका-तोंडाने बाहेर पडते, आणि १.६ किलोचं पाणी होतं. तेव्हा हवा अंगाला लागत नाही हो. अंगच हवेत जातं, एकेका उच्छ्वासाबरोबर.

तुमच्या १८०० पैकी १३०० च्या आसपास कॅलरी तुम्ही दिवसभर नुसत्या पडून राहिलात तरी जाणारच. मेंदूचं वजन शरीराच्या फार तर दोन टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चाचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं मिळून वजनाच्या पाच-सहा टक्के भरतात आणि त्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग उचलतात. ही मंडळी सुट्टी घेत नाहीत. यावर खाल्लेलं पचवण्या-मुरवण्यात जातात सुमारे दहा टक्के, आणि उरलेलं हालचालीत. मंद म्हणायचं तर यातलं काय मंद आहे? तुमचं हृदय तर थांबलेलं नाही.

वयाचंही असंच. २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास आला, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ सपाट निघाला. उतार लागतो साठीनंतर, तोही वर्षाला एक टक्क्याहून कमी. चाळिशीत चयापचय बसतं ही समजूत म्हणजे चाळिशीने स्वतःच्या सोयीने पसरवलेली अफवा आहे. मीही ती काही वर्षं लोकांना सांगत होते, हे कबूल करते.

त्या यंत्राचं मनावर घेऊ नका. पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून ते अंगातल्या पाण्याचा आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं, मग एका सूत्रातून वय काढून देतं. अशाच एका यंत्राने मला सकाळी ४९ आणि दुपारी दोन तांबे पाणी पिऊन झाल्यावर वेगळंच वय सांगितलं होतं. चयापचय खरोखर मोजायचं तर डोक्यावर पारदर्शक झाकण घालून श्वास मोजतात. शरीराने वापरलेल्या दर लिटर ऑक्सिजनमागे सुमारे ५ कॅलरी खर्च होतात.

आता डायरी. रागावू नका, पण मी ती दोनदा वाचली.

मंगळवारचं पान असं आहे : ‘सकाळी फक्त चहा. ११ ला चहा. दुपारी थोडा भात, भाजी, वाटीभर कडधान्य. ४ ला चहा, दोन बिस्किटं. ६ ला चहा. रात्री भाजी, एक अंडं.’ चहापुढे चारही वेळा शून्य लिहिलंय. चहाच्या पत्तीला शून्य हे बरोबर. पण कपात दोन चमचे साखर असेल तर ८ ग्रॅम, म्हणजे ३२ कॅलरी, आणि अर्धा पाव दूध म्हटलं तर तुम्ही हसाल, पण पन्नास मिलीलिटर जरी धरलं तरी आणखी तीसेक. चार कपांचे झाले अडीचशे. भाजीपुढे तुम्ही भाजीच्या कॅलरी लिहिल्यात, तेलाच्या नाहीत. तेलाचा एक मोठा चमचा १२० च्या घरात जातो, कारण एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, तर कर्बोदकांत आणि प्रथिनांत ४. दोन्ही वेळच्या भाजीत असा एकेक चमचा तुमच्या वाट्याला आला तरी आणखी २४०. झाले की ११०० चे १६०० जवळ. मुलांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात गेलेलं यात नाही. आणि रविवारचं पान कोरंच आहे.

तुम्ही खोटं लिहिलंय असं मी मुळीच म्हणत नाही. माणसाला खाल्लेलं आठवत नाही, हा आपल्या जातीचाच गुण आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशीच माणसं घेतली होती, १२०० च्या आत खातो तरी वजन उतरत नाही म्हणणारी. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला दिलं. हे दोन्ही शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात त्यातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला, म्हणजेच ऊर्जा किती खर्च झाली, ते कळतं. चयापचय नेहमीसारखंच निघालं. पण खाल्लेल्याची नोंद खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होती, आणि केलेल्या हालचालीची ५१ टक्के जास्त. मी स्वतः एकदा तेलाची बाटली सोमवारी वजन करून ठेवली आणि डायरीत रोज ‘तेल दोन चमचे’ लिहीत गेले. पुढच्या सोमवारी बाटलीचं म्हणणं निराळं पडलं. माझा व्यवसायच हा, तरी!

चयापचय वाढवणारे पदार्थ : मिरची, ग्रीन टी, कॉफी यांनी खर्च वाढतो, पण इतका थोडा की दोन बिस्किटांत फिटतो. खरा फरक प्रथिनांचा आहे. प्रथिनांतल्या शंभर कॅलरींपैकी वीस-तीस त्यांना पचवण्या-मोडण्यातच जातात; कर्बोदकांच्या पाच-दहा, चरबीच्या जेमतेम तीनपर्यंत. शिवाय प्रथिनांनी पोट भरल्याची भावना टिकते. प्रौढ माणसाला किमान गरज आहे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमची, तुमच्या बाबतीत रोज ५७ ग्रॅम. मंगळवारच्या तुमच्या पानावर मला निम्मीही दिसत नाहीत. संध्याकाळी सहाला पुन्हा चहा हवासा वाटतो त्यामागे हे एक कारण असावं. कडधान्य दोन्ही वेळा घ्या, अंडं एकाऐवजी दोन चालतील, दूध-दही आहेच.

धान्य बंद करण्याचं काही खास पुण्य नाही. २०१८ मध्ये सहाशेवर लोकांचा वर्षभराचा अभ्यास झाला, अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा. वर्षाअखेरीस पहिल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६. हा फरक धरण्याजोगा नव्हता. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा प्रयोग. वीस जणांना महिनाभर एकाच ठिकाणी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातून तयार होऊन आलेलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साध्या पदार्थांचा स्वयंपाक. समोर मांडलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच, खा हवं तितकं. पाकीटबंद खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि ती खाल्ल्याचं त्यांना जाणवतही नव्हतं. म्हणून मी भातापेक्षा बिस्किटांकडे आधी बघते.

सातनंतरचं : शरीराच्या आत घड्याळ आहे हे खरं, आणि तीच साखर रात्री रक्तात जरा जास्त चढते हेही खरं. पण सात वाजून एक मिनिटाने भाताची चरबी होऊ लागते, असं काही नाही. रात्रीचं खाणं बहुधा दिवसाच्या वरचं असतं, आणि ते डायरीत येत नाही.

बी-कॉम्प्लेक्सने वजन वाढत नाही, आणि त्यातून ऊर्जाही मिळत नाही. जीवनसत्त्वांत कॅलरी नसतात. ती पेशीतल्या कारखान्याची हत्यारं आहेत. बी-१ नसेल तर ग्लुकोज अर्ध्या वाटेत अडकतं. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना होणारा बेरीबेरी हा आजार त्याचाच. हत्यारं पुरेशी असताना आणखी आणली तर काम वाढत नाही, नुसती लघवी पिवळी होते. थकव्यासाठी मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करायला सांगेन, विशेषतः थंडी सोसत नसेल, पोट साफ होत नसेल, पाळी बदलली असेल तर. थायरॉइड कमी असेल तर चयापचय खरंच मंदावतं आणि त्यावर औषध आहे. मात्र त्याने वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोंचं असतं, त्यातही पाणी बरंच. १९ किलोंचं खापर त्याच्यावर फुटणार नाही.

थकव्याचं दुसरं कारण ते दहा दिवस असू शकतात. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला १५०० च्या थोडं वर. वजन पाव हिश्शाने घटलं, विश्रांतीतला खर्च सुमारे ४० टक्क्यांनी पडला, नाडी मंदावली, हातपाय गार, आणि सुचायचं फक्त खाणं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. शरीराला हात आखडून घेता येतो. तुम्ही हजारावर याल तर तेही आपल्या परीने काटकसर करेल, आणि पहिली काटकसर तुमच्या हालचालीत होईल. तुम्हाला ते ‘आज काही करावंसं वाटत नाही’ असं जाणवेल. रोज तीन-चारशेची तूट पुरे. महिन्याला किलो-सव्वा किलो. कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे.

राहिल्या जाऊबाई. त्यांचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ४९ किलोंचं शरीर बसल्या जागी तुमच्यापेक्षा दोनशेएक कॅलरी कमीच खर्च करतं, तेव्हा मंद म्हणायचं तर त्यांचं. पण त्या ‘जेवता जेवता चार वेळा उठतात’. १९९९ साली सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या होत्या. सगळ्यांना सारखंच जास्त, तरी कुणाची चरबी अर्ध्या किलोनेही वाढली नाही, कुणाची चार किलोंवर गेली. फरक पडला तो व्यायामाने नाही. काही लोक जास्त खाल्लं की नकळत जास्त हलू लागतात : उठणं, बसणं, फेऱ्या मारणं, पाय हलवत राहणं. एकाचा असा किरकोळ हालचालीचा खर्च रोज जवळजवळ ७०० नी वाढला होता. जाऊबाईंना एक दिवस नीट बघा, फोनवर बोलताना त्या बसतात का. आणि त्या खरंच दुप्पट जेवतात का, की तुमच्यासमोर तेवढ्या जेवतात, हेही बघा. आपल्याला दुसऱ्याचं एकच जेवण दिसतं.

तुम्ही फोनवर उभ्याने बोलायला लागा. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्यासारखा व्यायाम करा. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला फक्त १३ कॅलरी खातो, त्यामुळे त्यातून चयापचय भडकण्याची आशा नको. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, तो टिकावा म्हणून करा. काटा रोज बघितलात तरी आकडा पाण्याने वरखाली होणार. आठवड्याची सरासरी तेवढी लिहा.

चहा सोडू नका. साखर दोनाची एक करा, ते आठवड्याभरात अंगवळणी पडतं. चहापुढचं शून्य खोडा, तेलाची बाटली सोमवारी काट्यावर ठेवा, आणि पुढच्या पत्रासोबत रविवारचं पान भरून पाठवा.